१५ अँपिअरच्या सोलर चार्ज कंट्रोलरसाठी तांब्याच्या ट्रॅकची रुंदी कशी ठरवावी?

वऱ्हाडी_सर्किट (अकोला)

सर्वांना नमस्कार. आमच्या लहानशा कार्यशाळेत सौर कुंपण आणि फवारणी पंप यांच्या बॅटऱ्यांसाठी १२ व्होल्टचे पीडब्ल्यूएम (प्रवाह झपाट्याने चालू-बंद करून चार्जिंग नियंत्रित करणारे) चार्ज कंट्रोलर तयार होतात. आजवरचे मॉडेल १० अँपिअरचे होते. ग्राहकांच्या मागणीमुळे आता तेच १५ अँपिअरचे करायचे आहे. बोर्ड दोन थरांचा, एफआर-४ चा (काचतंतू आणि राळ यांचा), १.६ मिमी जाडीचा असून तांबे ३५ मायक्रॉनचे आहे. पॅनेलच्या टर्मिनलपासून मोसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्गे बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत मुख्य प्रवाहाचा मार्ग सुमारे १२० मिमी लांब आहे आणि ट्रॅकची रुंदी ५ मिमी आहे. जुन्याच बोर्डावर टेबलावर ठेवून १५ अँपिअर सोडले, तेव्हा ट्रॅकला बोट लावणे अशक्य झाले आणि बॅटरीच्या टर्मिनलभोवती बोर्डाला फिकट तपकिरी रंग चढला.

इंटरनेटवरील गणकयंत्रात आकडे भरले असता १० अंश तापमानवाढीसाठी १२.६ मिमी, २० अंशांसाठी ८.३ मिमी आणि ३० अंशांसाठी ६.५ मिमी अशी रुंदी मिळते. यांपैकी कोणता आकडा धरावा, हा माझा पहिला प्रश्न. पेटीचा साचा ठरलेला असल्यामुळे बोर्डाचा आकार वाढवता येत नाही, म्हणून चार थरांचा बोर्ड करून आतल्या थरातून ट्रॅक न्यावा असा विचार होता. पण तेच गणकयंत्र आतल्या थरासाठी २० अंशांना तब्बल २१.५ मिमी रुंदी सांगते. हे खरे मानावे का? एका परिचितांचा सल्ला असा की ट्रॅकवरचा हिरवा मास्क (संरक्षक लेप) काढून त्यावर सोल्डर चढवावे. त्याने कितपत फरक पडतो? बॅटरीच्या बाजूला २० अँपिअरचा ब्लेड फ्यूज आहे.

भोसरी_लेआउट

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणकयंत्रात नाही, तुमच्या पेटीत आहे. गणकयंत्र फक्त तापमानातील वाढ सांगते, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा ट्रॅक किती अंशांनी जास्त तापेल तेवढेच. ट्रॅकचे अंतिम तापमान हवे असेल, तर ती वाढ पेटीच्या आतील हवेच्या तापमानात मिळवावी लागते. अकोल्यात मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते; शेतातल्या खांबावर उन्हात टांगलेल्या बंद प्लास्टिकच्या पेटीत ते ६० अंश धरणे मला अतिरेकी वाटत नाही. टेबलावर २८ अंशांच्या खोलीत घेतलेली चाचणी आणि शेतातली दुपार यांत तीस अंशांहून अधिक फरक असतो.

तुमचे गणकयंत्र बहुधा आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसंघटनेच्या आयपीसी-२२२१ या मानकातील सूत्र वापरते. त्यात प्रवाह म्हणजे एक स्थिरांक, गुणिले तापमानवाढीचा ०.४४ वा घात, गुणिले ट्रॅकच्या छेदक्षेत्राचा ०.७२५ वा घात. छेदक्षेत्र चौरस मिलमध्ये घ्यायचे, आणि एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बाहेरच्या थरासाठी स्थिरांक ०.०४८ आहे, आतल्या थरासाठी ०.०२४. तुमच्या ५ मिमी रुंद, ३५ मायक्रॉन जाडीच्या ट्रॅकचे छेदक्षेत्र सुमारे २७१ चौरस मिल होते आणि १५ अँपिअरला तापमानवाढ सुमारे ४६ अंश येते. ६० अंशांत ४६ मिळवले की ट्रॅक १०६ अंशांवर पोहोचतो. साध्या एफआर-४ चे काचीभवन तापमान (ज्यापुढे राळ मऊ पडू लागते) १३० ते १४० अंशांच्या दरम्यान असते, त्यामुळे बोर्ड लगेच जळणार नाही. परंतु त्याच ट्रॅकशेजारी १०५ अंश दर्जाचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवला असेल, तर दर दहा अंशांना त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते हा हिशेब विसरू नका. शेतातून परत येणाऱ्या कंट्रोलरमध्ये ट्रॅकच्या आधी कपॅसिटर गेलेला आढळण्याची शक्यता जास्त.

आता उलट दिशेने मोजा. ट्रॅकने कोणत्याही परिस्थितीत ८५ ते ९० अंशांपलीकडे जाऊ नये असे ठरवले आणि आतली हवा ६० अंशांची धरली, तर वाढीसाठी २५ ते ३० अंश उरतात. कागदावर म्हणजे ६.५ ते ७.२ मिमी. मी मात्र २० अंश धरून ८ मिमीच्या पुढेच राहीन, कारण पेटीतली हवा ट्रॅकपासून स्वतंत्र नसते. ३५ मायक्रॉन तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा रोध २० अंशांना सुमारे अर्धा मिलिओम असतो, मग तो चौरस लहान असो वा मोठा. तुमच्या १२० मिमी लांब आणि ५ मिमी रुंद मार्गात असे २४ चौरस बसतात, म्हणजे जवळपास १२ मिलिओम. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणून १०० अंशांवर तोच मार्ग साडेपंधरा मिलिओमचा होतो. १५ अँपिअरचा वर्ग गुणिले हा रोध, म्हणजे साडेतीन वॅट उष्णता, आणि तीही केवळ ट्रॅकची, मोसफेटची वेगळी. बंद पेटीत साडेतीन वॅट हे लहान प्रकरण नाही. पेटीची हवा त्यामुळे आणखी तापते, हवा तापली की ट्रॅक तापतो, ट्रॅक तापला की रोध वाढतो. या साखळीला सूत्रात जागा नाही.

आणखी एक बाब तुमच्या प्रश्नात नव्हती, पण चार्ज कंट्रोलरमध्ये ती तापमानाइतकीच महत्त्वाची आहे. साडेपंधरा मिलिओमवर १५ अँपिअरला सुमारे ०.२३ व्होल्ट पडतात. बॅटरीचा व्होल्टेज मोजणारी रेषा जर याच जाड ट्रॅकच्या मध्यावरून कुठून तरी घेतली असेल, तर कंट्रोलरला १४.४ व्होल्ट दिसतात त्या वेळी बॅटरीला प्रत्यक्षात १४.२ किंवा १४.३ व्होल्टच मिळत असतात, आणि लेड-अॅसिड बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते. मोजणारी रेषा थेट बॅटरीच्या टर्मिनलच्या पॅडपासून, वेगळी आणि बारीक अशी न्यावी. तिच्यातून प्रवाह जवळजवळ वाहत नसल्याने तिची रुंदी कितीही कमी असली तरी चालते.

तांबे_आणि_इतिहास

आतल्या थराच्या आकड्याबद्दल लिहितो, कारण त्यामागची कथा माहीत नसेल तर माणूस विनाकारण २१ मिमीच्या मागे लागतो.

आयपीसी-२२२१ मधील बाह्य थराचा आलेख अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५० च्या दशकाच्या मध्यात केलेल्या मापनांवर आधारलेला आहे. तिथून तो अमेरिकी लष्कराच्या मानकात गेला आणि पुढे आयपीसीकडे आला. त्या काळी आतल्या थरांची मापनेच नव्हती. बंदिस्त ट्रॅकला हवा मिळत नाही, तेव्हा तो जास्त तापणार, अशा समजुतीने बाह्य थराचा प्रवाह सरळ निम्मा करून आतल्या थराचा आलेख तयार करण्यात आला. सूत्रातील ०.०४८ आणि ०.०२४ हे नेमके दुप्पट-निम्मे का, याचे उत्तर एवढेच आहे. प्रवाह निम्मा केला की त्याच वाढीसाठी लागणारे छेदक्षेत्र मात्र २.६ पट होते, म्हणून तुमचे ८.३ मिमी थेट २१.५ मिमी झाले.

२००९ मध्ये आलेल्या आयपीसी-२१५२ साठी ही मापने नव्याने करण्यात आली. त्यांत दिसले ते असे की आतला ट्रॅक बाहेरच्या ट्रॅकपेक्षा फारसा वेगळा वागत नाही. कारण उघड आहे: स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आहे, एफआर-४ ची सुमारे ०.३, म्हणजे हवेच्या दहापट. आतल्या ट्रॅकची उष्णता दोन्ही बाजूंच्या राळेत शिरते, तिथून बोर्डाच्या पृष्ठभागावर पसरते आणि मगच हवेत जाते. म्हणजे ट्रॅकला थंड करण्याचे बहुतेक काम बोर्ड करतो. भोसरीकरांनी पेटीकडे लक्ष वेधले ते योग्यच; मी त्यात बोर्डावरील उरलेल्या तांब्याची भर घालतो. ट्रॅकच्या खाली किंवा शेजारी ग्राउंडचे सलग पसरट तांबे असेल, तर तापमानवाढ कधीकधी निम्म्यापर्यंत उतरते. उलट, कसलेच सलग तांबे नसलेल्या बोर्डावर जुना बाह्य आलेख थोडा आशावादी ठरतो. २००९ चा मूळ आलेख जुन्या बाह्य आणि अंतर्गत आलेखांच्या मध्ये कुठेतरी पडतो.

तरीही केवळ या ट्रॅकसाठी चार थरांचा बोर्ड करू नका. पहिले कारण खर्चाचे. दुसरे कारण जाडीचे: ३५ मायक्रॉनची मागणी केली तरी आतल्या थराला वर मुलामा चढत नाही, उलट प्रक्रियेत तांबे थोडे झिजते, आणि आयपीसीच्या मानकाप्रमाणे आतल्या थरावर सुमारे २५ मायक्रॉन उरले तरी तो बोर्ड स्वीकारार्ह ठरतो. बाहेरच्या थराला हा प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. दोन थरांच्या बोर्डात भोकांना तांबे चढवताना बाहेरच्या पृष्ठभागावरही ते चढते, म्हणून बरेच उत्पादक १८ मायक्रॉनच्या पत्र्यापासून सुरुवात करून ३५ पर्यंत पोहोचतात. बोर्ड मागवताना फक्त '३५ मायक्रॉन' असे न लिहिता 'तयार बोर्डावर ३५ मायक्रॉन' असे लिहून द्यावे. नाहीतर तुमचे सगळे गणित मिळणाऱ्या तांब्याऐवजी मागितलेल्या तांब्यावर उभे राहते.

जुना_तंत्रज्ञ

सोल्डर चढवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. कथील-शिशाच्या सोल्डरचा विशिष्ट रोध तांब्याच्या साधारण साडेआठ पट असतो. म्हणजे ३५ मायक्रॉन तांब्याइतका उपयोग व्हायला सोल्डरचा थर सुमारे ०.३ मिमी जाड हवा. हाताने तेवढा थर चढवता येतो, पण तो सर्वत्र सारखा येत नाही, आणि सोल्डर बाथमधून काढलेल्या बोर्डावर तर कडेला गोळा होऊन मध्ये पातळ पडतो. आम्ही जुन्या इन्व्हर्टरच्या बोर्डांवर हाच प्रकार पाहत आलो. उपयोग होतो, पण किती होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून त्याला दुरुस्तीचा उपाय म्हणावे, रचनेचा नव्हे.

त्याऐवजी मास्क उघडून ट्रॅकवर १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर सोलून, सरळ करून, पूर्ण लांबीभर सोल्डर करावी. तुमच्या ८.३ मिमी ट्रॅकचे छेदक्षेत्र ०.२९ चौरस मिमी भरते. वायर एकटीच त्याच्या पाचपट आहे. प्रत्येक बोर्डामागे एका माणसाची काही मिनिटे जातात. महिन्याला शे-दोनशे नग असतील तर हे परवडते, हजारो असतील तर नाही.

भोसरी_लेआउट

वायरचा उपाय मला मान्य आहे, पण त्याची गरज पडू नये. बोर्ड दोन थरांचा आहेच, तर तोच मार्ग वर आणि खाली दोन्ही बाजूंना समांतर न्यावा आणि ठिकठिकाणी व्हायांनी (आतून तांबे चढवलेल्या भोकांनी) जोडावा. येथे एक सापळा आहे. अनेक जण प्रवाह दोन बाजूंत विभागून प्रत्येकी ७.५ अँपिअर धरतात आणि ५ मिमीसाठी साडेनऊ अंश वाढ काढून समाधानी होतात. परंतु दोन्ही ट्रॅक एकाच जागी, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, तोच बोर्ड तापवत असतात. दोन्हींचे छेदक्षेत्र एकत्र करून पूर्ण १५ अँपिअर धरले तर वाढ सुमारे १५ अंश येते, आणि हाच आकडा अधिक विश्वासार्ह आहे. दोन्ही बाजूंना ८ मिमी जागा काढता आली तर सूत्राने वाढ ७ अंशांपर्यंत उतरते. मात्र मूळ आलेख १० मिमीच्या आसपास संपतात. एकत्रित १६ मिमीला ते सूत्र लावणे म्हणजे आलेखाबाहेर पाऊल टाकणे आहे, म्हणून तो आकडा अंदाज समजावा.

व्हायांची संख्याही छेदक्षेत्रावरूनच निघते. ०.३ मिमी भोकाच्या आतल्या भिंतीवर २५ मायक्रॉन तांबे असेल तर एका व्हायाचे छेदक्षेत्र ०.०२५ चौरस मिमी होते, आणि ८.३ मिमीच्या ट्रॅकइतके तांबे मिळायला अशा १२ व्हाया लागतात. भिंत २० मायक्रॉनचीच निघाली तर १५. पण सगळ्या एकाच जागी दाटीने बसवू नयेत, कारण प्रवाह पहिल्या ओळीतूनच उतरण्याचा प्रयत्न करतो आणि मागच्या ओळी बऱ्याच अंशी रिकाम्या राहतात. ट्रॅकच्या दोन्ही टोकांना गट करावेत आणि मधल्या लांबीवर विखरून काही द्याव्यात.

वऱ्हाडी_सर्किट (अकोला)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका बाजूला ८ मिमी सहज बसते, दुसऱ्या बाजूलाही थोडे घटक हलवून बसवता येईल. दोन शंका उरतात. तपकिरी डाग ट्रॅकच्या संपूर्ण लांबीवर नव्हता, फक्त बॅटरीच्या टर्मिनलभोवती होता. म्हणजे दोष ट्रॅकच्या रुंदीतच आहे का? आणि फ्यूज २० अँपिअरचा आहे म्हणजे ट्रॅक २० अँपिअरसाठी तपासायचा, इतकेच पुरे का?

तांबे_आणि_इतिहास

डाग एकाच जागी असेल, तर रुंदी वाढवून तो जाणार नाही. लांब ट्रॅक सर्वत्र सारखा तापतो. एका ठिकाणी डाग पडतो तेव्हा त्या ठिकाणी वेगळा उष्णतास्रोत आहे असे समजावे. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये वायर नीट आवळली नसेल, किंवा वायरच्या बारीक तारांना लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता त्या तशाच घातल्या असतील, तर संपर्काचा रोध सहज ५ मिलिओमपर्यंत जातो, आणि १५ अँपिअरला त्या एका बिंदूवर १.१ वॅट उष्णता निर्माण होते. ट्रॅकचे वॅट १२० मिमीवर पसरलेले असतात, हे एका पॅडवर साठतात. टर्मिनल ब्लॉक स्वतः किती अँपिअरचा आहे तेही पाहून घ्यावे.

दुसरा संशयित थर्मल रिलीफ. लेआउटचे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पॅड आणि पसरट तांबे यांच्यामध्ये आपणहून चार बारीक पट्ट्या सोडते, जेणेकरून सोल्डर करताना पॅड लवकर तापावा. प्रत्येक पट्टी ०.४ मिमीची असेल तर सगळ्या मिळून १.६ मिमी तांबे होते, आणि तुमचे सारे १५ अँपिअर तिथून जातात. आता याचीही एक बाजू सांगायला हवी: अशी अरुंद पट्टी, म्हणजे मान, अगदी आखूड असेल तर तिची उष्णता दोन्ही बाजूंच्या रुंद तांब्यात निघून जाते. रुंद तांब्याच्या पसऱ्यावर उष्णता साधारण दोन-तीन सेंटीमीटर अंतरापर्यंत सहज पसरते, आणि सूत्र लांब ट्रॅकसाठी आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या मानेला ते लावले तर भयंकर आकडे येतात, प्रत्यक्षात तेवढे घडत नाही. त्यामुळे मोसफेटच्या पायांजवळ ट्रॅक काही मिलिमीटरपुरता अरुंद झाला तर घाबरू नये. टर्मिनलच्या पॅडवर मात्र शेजारी आधीच एक तापलेला संपर्क असतो, त्यामुळे मानेची उष्णता निघून जायला थंड बाजू एकच उरते. जास्त प्रवाहाच्या पॅडांवर थर्मल रिलीफ बंद करावा. सोल्डर करायला थोडा मोठा सोल्डरिंग आयर्न लागेल, तेवढेच.

भोसरी_लेआउट

फ्यूजचा प्रश्न फार योग्य वेळी विचारलात, कारण बहुतेक रचनांमध्ये ट्रॅक भाराच्या प्रवाहासाठी मोजला जातो आणि फ्यूज नंतर आठवतो. २० अँपिअरचा फ्यूज २० अँपिअरला वितळत नाही, आणि २१ लाही नाही. वाहनांच्या ब्लेड फ्यूजच्या मानकाप्रमाणे तो आपल्या दर्जाच्या १३५ टक्के प्रवाह, म्हणजे २७ अँपिअर, दहा मिनिटांपर्यंत सहन करू शकतो. ट्रॅकच्या दृष्टीने दहा मिनिटे म्हणजे जवळजवळ कायमचा काळ. तेवढ्यात तो आपल्या अंतिम तापमानाच्या अगदी जवळ पोहोचलेला असतो. तुमच्या जुन्या ५ मिमी ट्रॅकला २७ अँपिअरसाठी सूत्र लावले तर वाढ १७० अंशांच्या पुढे जाते. सूत्राची मर्यादा १०० अंशांची असल्याने तो आकडा शब्दशः घेऊ नये, पण दिशा स्पष्ट आहे: फ्यूज शाबूत राहील आणि बोर्ड जळेल. एकाच बाजूला ८.३ मिमी केले तर वाढ ७६ अंश, म्हणजे ६० अंशांच्या पेटीत १३६ अंश. तेही एफआर-४ च्या काचीभवन तापमानाला भिडते. दोन्ही बाजूंना ८ मिमी केले तर वाढ २६ अंश आणि एकूण ८६. म्हणूनच मी दोन्ही बाजू वापरण्याचा आग्रह धरतो. १५ अँपिअरसाठी एक बाजू पुरली असती. २० चा फ्यूज असलेल्या सर्किटसाठी ती पुरत नाही.

शॉर्ट सर्किटचा हिशेब निराळा आहे. तेव्हा उष्णता बोर्डात पसरायला वेळच मिळत नाही, सगळी तांब्यातच साठते. यासाठी ऑन्डरडॉंकचे जुने समीकरण वापरतात. ५ मिमी रुंद, ३५ मायक्रॉनचा ट्रॅक ६० अंशांपासून सुरू होऊन तांब्याच्या १०८५ अंशांच्या वितळणबिंदूपर्यंत एका सेकंदात जायला सुमारे ४८ अँपिअर लागतात, दशांश सेकंदात जायला सुमारे १५० अँपिअर. प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ हा आकडा दोन्ही वेळा २,३५० च्या आसपास राहतो. फ्यूजच्या डेटाशीटमध्ये हाच आकडा फ्यूजसाठी दिलेला असतो, आणि ट्रॅकचा आकडा त्याच्या कित्येक पट असला पाहिजे, नुसता जास्त असून भागत नाही. छेदक्षेत्र दुप्पट केले की ट्रॅकचा आकडा चौपट होतो, हा दोन्ही बाजूंना ट्रॅक नेण्याचा आणखी एक फायदा. हे समीकरण सेकंदभराच्या आतल्याच घटनांना लावावे. पाच-दहा सेकंदांसाठी लावल्यास ते अकारण घाबरवते.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ, बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर असावा. शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर बॅटरीतून येतात. पॅनेल आपल्या शॉर्ट सर्किट प्रवाहापेक्षा जास्त काही देऊच शकत नाही. फ्यूज बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तांब्याला कोणाचेच संरक्षण नसते.

जुना_तंत्रज्ञ

नवा बोर्ड आला की मोजायचे कसे, ते कोणी सांगितलेले नाही म्हणून लिहितो. थर्मल कॅमेरा असेल तर हिरव्या मास्कवर त्याचे वाचन ठीक येते, पण उघड्या सोल्डरवर किंवा चकचकीत तांब्यावर ते बरेच कमी दाखवते, कारण चकचकीत धातू उष्णता फार कमी उत्सर्जित करतो. मास्क काढलेल्या पट्ट्यावर पोलिइमाइडची पिवळी टेप चिकटवून त्या टेपवर मोजावे.

कॅमेरा नसेल तर तांब्यालाच तापमापक करावे. ट्रॅकच्या दोन टोकांवर वेगळ्या बारीक वायरी जोडून मिलिव्होल्ट मोजावेत आणि प्रवाह स्थिर ठेवावा. समजा खोलीचे तापमान ३० अंश आहे, प्रवाह सुरू करताच ९२ मिलिव्होल्ट दिसले आणि पाऊण तासाने, वाचन स्थिरावल्यावर, १०१ मिलिव्होल्ट दिसले. वाढ ९, तिला ९२ ने भागावे आणि २३४.५ अधिक ३० ने गुणावे. उत्तर २६ अंश येते. हे सरासरी तापमान आहे, टर्मिनलजवळचा तापलेला बिंदू यात लपून जातो, म्हणून त्या जागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) वेगळे लावावे.

आणि ही चाचणी झाकण लावलेल्या पेटीत करावी, सोबत मोसफेट पूर्ण चालू ठेवून. पीडब्ल्यूएम अर्धा वेळ चालू असताना १५ अँपिअरचा परिणामी (आरएमएस) प्रवाह, म्हणजे तेवढीच उष्णता देणारा स्थिर प्रवाह, १०.६ अँपिअरच राहतो, आणि उष्णता निम्मीच होते. सकाळी रिकामी बॅटरी आणि दुपारचे ऊन, अशा वेळी कंट्रोलर तासन्‌तास शंभर टक्के चालू असतो. पेटीच्या आत, बोर्डापासून दोन बोटे दूर, एक थर्मोकपल हवेत लोंबकळत ठेवावे म्हणजे भोसरीकरांचे ६० अंश खरे की खोटे तेही कळेल.

वऱ्हाडी_सर्किट (अकोला)

थर्मल रिलीफ तपासला. टर्मिनलच्या चारही पॅडांवर तो आहे. मोजणारी रेषाही मोसफेटजवळून घेतलेली निघाली. दोन्ही बाजूंना ८ मिमी, टर्मिनलचे पॅड सलग, टोकांना प्रत्येकी १६ व्हाया आणि मध्ये विखरून आणखी काही, अशी रचना करून गर्बर फाइली (बोर्ड बनवणाऱ्याला लागणारे आराखडे) पाठवतो. तयार बोर्डावरची जाडी ऑर्डरमध्ये लिहून देतो. आणखी एकच विचारतो: ७० मायक्रॉनचा दर मागवावा का, की एवढ्यात भागेल?

भोसरी_लेआउट

एवढ्यात भागेल. ७० मायक्रॉन घेतल्यास कंट्रोलर आयसीच्या पायांमधले बारीक अंतर कोरताना अडचण येते, कारण जाड तांबे कोरताना कोरणारे रसायन बाजूनेही आत शिरते आणि उत्पादक ट्रॅकमधले किमान अंतर वाढवून मागतो. पुढे २५ अँपिअरचे मॉडेल करायचे झाले तर तेव्हा तो दर मागवा.